गाडीचं खळं

सापगावचा पूल मागे पडला की बसच्या खिडकीतून पेंढ्याचा वास आत येतो आणि माझ्या शिंका सुरू होतात. भाताच्या गावात जन्मलेल्या बाईला पेंढ्याची अ‍ॅलर्जी असावी, ही गोष्ट मी कल्याणच्या दवाखान्यात कुणाला सांगत नाही. तिथे मी दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलाशी बसते, पेशंटना वेळा देते. हल्ली आठवडाभर आसनगावला भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी गाव गाठते. पर्समध्ये मास्क असतो, पण या दिवसांत मी तो बाहेर काढत नाही. नाक गळू दे, डोळे लाल होऊ देत, हा वास मला पुरता हवा असतो.

दिवाळी होऊन गेलेली असते. काही दारांवर कंदील अजून लटकत असतात, रंग उडालेले. हळवं भात कधीच घरात आलेलं असतं आणि उशिरा पिकणारं गरवं आता कापायला घेतलेलं असतं. सकाळी बांधावर दव, दुपारी मानेला चटका, संध्याकाळी कुठून तरी भात झोडल्याचा धप धप आवाज. ज्यांची शेती आहे त्यांचे हे सुगीचे दिवस. आमच्यासारख्यांचे, ज्यांच्या आया आणि आज्या दुसऱ्यांच्या शेतात कापणीला गेल्या, त्यांचे हे मजुरीचे दिवस. मला मात्र हे दिवस आठवतात ते एका बसमुळे आणि आईच्या डाव्या पायामुळे.

आमचं गाव म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. शहापूरहून पहाटे निघालेली बस आमच्याकडे येऊन संपते, पुढे डोंगर. गावात शिरल्यावर उंबराखाली मोकळं मैदान आहे. त्याच्या एका अंगाला आमची बौद्धांची वस्ती आणि विहार, दुसऱ्या अंगाला भोईरांची घरं आणि गोठे. बस मैदानात यायची, तोंड फिरवण्यासाठी विहाराच्या भिंतीपर्यंत मागे मागे जायची आणि मग शहापूरकडे तोंड करून उभी राहायची. तेवढा वेळ गप उभं राहणं आमच्या गावाला कधी जमलं नाही. गाडी मैदानात शिरली रे शिरली की सगळे तिच्यासोबत पळायचे. ती मागे गेली की हे मागे, ती वळली की हे वळले. पळता पळता खिडकीतून जागा धरायची. रुमाल टाकायचा, पिशवी टाकायची, डबा टाकायचा. एकदा एकाने हाताशी काहीच नाही म्हणून पायातली चप्पल टाकली, आणि आत चढल्यावर आपल्या चपलेवर कुणी बसलंय म्हणून भांडणही केलं. ज्याचा रुमाल त्याची जागा, यावर गावात कुणाचं दुमत नव्हतं. एरवी बांधावरून कोर्टात जाणारी माणसं दुसऱ्याच्या रुमालाला मात्र हात लावत नसत.

कापणीच्या दिवसांत तर विचारूच नका. एरवी कॉलेजची पोरं आणि आसनगावला लोकल पकडणारे आम्ही नोकरदार, एवढीच गर्दी; मी तेव्हा घरूनच रोज ये-जा करायचे. कापणी आली की दुसऱ्या गावांत मजुरीला निघालेल्या बाया त्यात मिळायच्या, फडक्यात गुंडाळलेले विळे पिशवीत घालून. आणि मैदानभर भाऱ्यांतून गळलेला पेंढा, रात्रीच्या दवाने निसरडा झालेला.

आईला बसने कुठे जायचं नसायचं. ती मैदानात यायची प्रज्ञासाठी. प्रज्ञा माझी भाची, भावाची मुलगी, तेव्हा बारावीला शहापूरच्या कॉलेजात होती. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली ती पहिलीच. घरात माणसं फार, भांड्यांचा आणि टीव्हीचा आवाज फार, त्यामुळे तिचं खरं वाचन व्हायचं ते बसमध्ये. उभ्याने धक्के खात कुणाला वाचता येतं? म्हणून आई रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून मैदानात हजर. "पोरगी बसून गेली पायजे," एवढंच तिचं म्हणणं. साठीकडे झुकलेली बाई, पण पदर खोचून पळायला लागली की जवान पोरांना मागे टाकायची. मला तिचा तेव्हा अभिमान वाटायचा, आणि जरा लाजही.

त्या सकाळी मी दाराच्या बाजूला होते आणि आई पलीकडून पळत होती. बस वळत मागे जाते तेव्हा तिचं तोंड आडवं फिरतं, बरंच फिरतं. सोबत पळणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याचे डोळे खिडकीवर असतात. आईचा टॉवेल खिडकीतून आत गेला आणि त्याच वेळी तिचा पाय पेंढ्यावरून सरकला. मला दिसलं काहीच नाही. पलीकडचं सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं, तेवढं कळलं. आई ओरडली नाही. "अगो बाय माझे," एवढंच हळू म्हणाली. डाव्या पायाचा पंजा पुढच्या चाकाखाली चेचला होता.

गाडीवर संतोष होता, मुरबाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, तिशीच्या आतला. त्याने आईला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं आणि मधल्या एकाही थांब्यावर न थांबता बस शहापूरच्या दवाखान्याच्या दारात नेली. आईला ज्या सीटवर आडवं केलं, तिथे तिनेच टाकलेला टॉवेल पडला होता. तो मी तिच्या पायाला गुंडाळला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाऊल वाचलं. आई घरी आली तोवर डेपोतून निरोपही आला होता. वळणाऱ्या गाडीपासून लोक लांब राहणार नसतील तर गाडी मैदानात येणार नाही, फाट्यावरूनच परत जाईल. रागवायला जागा नव्हती. पण आमच्या गावापासून फाटा म्हणजे बरीच चाल, मध्ये सागाचं रान, आणि सकाळच्या बसची वेळ म्हणजे उजाडायच्या आधीची. पुरुष गेले बॅटऱ्या घेऊन. मुलींचं काय करायचं, हा प्रश्न घराघरांत आला आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर एकच निघालं.

"परीक्षेला जाईल तवा जाईल. तोवर घरात वाचू दे," वहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, म्हणाली. "नायतरी आता आयेकडं बघायला माणूस पायजे." वहिनी वाईट नव्हती, घाबरली होती.

"प्रॅक्टिकल घरात कसं करू आत्या?" प्रज्ञाने मला विचारलं.

आई खाटेवर पाय उशीवर घेऊन पडली होती. ती म्हणाली, "पाय माझा गेलाय. पोरीचं कॉलेज कशापायी जातंय?" आणि माझ्याकडे बघत राहिली, हे आता तू निस्तर, अशा नजरेने. आमच्या घरात कामं अशीच वाटली जातात.

मी एक दिवस रजा टाकून डेपोत गेले. तिथले साहेब ऐकून घेणारे होते. एका सकाळी गाडी आत पाठवून बघू म्हणाले, पुढे रोज न्यायची की नाही ते ड्रायव्हरने ठरवावं. संतोष बाजूलाच उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, मला राग नाय कुनाचा. पन स्टेअरिंग वळवलं की मला ते अजून हाताला कळतं. परत कुनाच्या पायावरून गाडी न्यायची नाय मला." हे ऐकून मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी माझ्याएवढाच हट्टाला पेटलेला होता.

मग मी कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की आणली आणि गाडीच्या वळणाभोवती मोठं रिंगण आखलं. विहारात बोलले, भोईरांच्या ओट्यावर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचं गाव कधी मागे नसतं. ठरलेल्या सकाळी मी रेषेवर पहारा करत उभी. आधी कुणाचा तरी अंगठा रेषेवर आला, मग टाच आली, बस येईपर्यंत फक्की निम्मी चपलांना लागून गेली. बस मागे जायला लागली आणि कुठून तरी एक रुमाल उडाला. झालं, गाव सुटलं. संतोषने भर मैदानात ब्रेक दाबला. सगळे दमून गप होईपर्यंत त्याने दार उघडलं नाही.

"सोमवारी एकदा येतो ताई," जाताना तो मला म्हणाला. "मग नाय."

त्या दिवशी दवाखान्यात मी दोन पेशंटना एकच वेळ देऊन बसले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. डोक्यात एकच घोळत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी रक्त बघितलेली ही माणसं, एक रुमाल दिसला की सगळं विसरतात. मला माझ्या गावाची चीड आली होती, खरीखुरी चीड, आणि ती कुणावर काढावी ते कळत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आईसाठी दूध आणायला भोईरांकडे गेले तेव्हाही मनातल्या मनात मी सगळ्यांना फैलावर घेत होते. हल्ली बहुतेक जण ताडपत्रीवर नाहीतर यंत्रावर मळणी उरकतात. पण भोईरकाकूंच्या घरी अजून अंगणात खळं होतं. त्यांनी ते दुपारीच सारवलं होतं, ओलं, हिरवट, बोटांच्या अर्धगोल खुणा उमटलेलं. मी काकूंच्या दाराशी पोचले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या चपला माझ्या हातात आहेत. त्या कधी काढल्या ते आठवेना. मी वळून बघितलं. मी सरळ आले नव्हते. खळ्याला वळसा घालून, कडेकडेने आले होते. माझ्या आधी दूध न्यायला आलेलेही तसेच गेले होते. मातीत पावलांची गोल वाट उठली होती आणि मधल्या सारवणावर एकही पाऊल नव्हतं. एका कोंबडीचं तेवढं होतं.

तिथे ना फक्की होती, ना पाटी, ना पहारा. आणि घाई तर मलाही होती.

"काकू, शेण द्याल का?" मी विचारलं.

"केवढं?"

"बस वळेल एवढं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "डोकं ठिकान्यावर हाय ना गो तुझं?" म्हणाल्या. मी मैदानाचं सांगितलं. त्या गोठ्याकडे बघून काही हिशेब करत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या जेवनं झाली की ये बायांना घेऊन. बादल्या तुमच्या आना."

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात झाली. रविवारची वंदना झाल्यावर मी विषय काढला. बाया हसल्या, पण पटलेलं दिसलं. काशिनाथकाका हसले नाहीत. काका म्हणजे वस्तीतले वडीलधारे, नोकरीतून निवृत्त झालेले, लग्न असो की मयत, सगळे ज्यांना आधी विचारतात ते.

"माझा आजा खळ्याच्या कडंला उभा राह्यचा," काका म्हणाले. "मालकाचं भात मोजून होईपरयंत. उन्हात. खळ्यात पाय नाय टाकायचा. मग उरलंसुरलं घोंगडीत पडायचं. माझ्या बापानं धम्म घेतला तवा पयली ती कड सोडली. आन आता तू गाडीसाठी आमाला परत कडंला उभं करनार?"

काका चुकीचं काहीच बोलले नव्हते. आदल्या संध्याकाळी मला केवढा आनंद झाला होता, पण चपला हातात आल्या त्या कशाने, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. धान्याचा मान म्हणून आल्या, की आजीच्या आजीला कुणी तरी दरडावलेलं होतं ते माझ्या पायांत अजून उरलंय म्हणून? मला खरंच माहीत नव्हतं. आजही पुरतं माहीत नाही. पण मैदानावर पुन्हा फक्की आखत बसायलाही मी तयार नव्हते.

आई दारात खुर्चीवर बसली होती, कारण तिला मांडी घालता येत नव्हती. ती म्हणाली, "काशिनाथभाऊ, मी पन उभी राह्यलेय. माझ्या आयेचा पदर धरून, हातात सूप घेऊन. मला नको सांगू. तवा कड त्यांची, आन उभं आमी. आता सारवनार आमी. मग भोईर पन कडंला उभा राहील आन सरपंच पन राहील. आन त्या खळ्यात कुना मालकाचं भात नाय पडायचं. माझ्या नातीची गाडी येनार हाय."

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. मला वाईट वाटलं. काकांचा शब्द मोडून वस्तीत आजवर काही झालेलं नव्हतं.

दुपारी आम्ही पेंढा झाडून काढला, खड्डे बुजवले, मैदानावर पाणी शिंपडलं. आमच्या वस्तीच्या बाया विहाराकडून सारवत निघाल्या आणि भोईरकाकू त्यांच्या सुनांना घेऊन गोठ्याच्या बाजूने. आई उंबराखाली खुर्चीत, डावा पाय उपड्या घातलेल्या टोपलीवर, आणि तोंडाने हुकूम. "तिथं पातळ झालंय. बोटं दाबून सारव गो, लेकी सुना हसतील." प्रज्ञा गुडघ्यांवर बसून सारवत होती, मी शिंकत सारवत होते. अर्ध्यात पाणी संपलं. बोअर बंद होती, विहीर लांब. मी कपाळाचा घाम मनगटाने पुसत होते तेवढ्यात शेजारी कुणी तरी भरलेली बादली ठेवली. वर बघितलं तर काशिनाथकाका.

"वाळतंय ते," म्हणाले आणि रिकामी बादली घेऊन पुन्हा विहिरीकडे गेले. अंधार पडेपर्यंत पाणी त्यांनीच पुरवलं.

सोमवारी पहाटे धुकं होतं. गाव मैदानाभोवती उभं होतं, गोलाकार, आणि नेहमीपेक्षा गप. सारवणाच्या कडेशी चपला, बूट, स्लिपर थांबले होते. गर्दी मागून रेटत होती तरी पुढचे टाचा रोवून होते. बसचे दिवे दिसले. बस आली, आणि कडेला येऊन थांबली.

थांबलीच. पुढे येईना. संतोषने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, खाली बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग आईला विचारलं, "मावशी, खळ्यावर गाडी घालू?"

शेतकऱ्याचा पोरगा तो. रुमाल टाकणाऱ्यांना अडवायला सारवलेल्या खळ्याने आधी गाडीच अडवली होती. कुणी तरी हसलं आणि मग सगळं मैदान हसायला लागलं.

"घाल रे बाबा," आई म्हणाली. "तुझ्यासाठीच सारवलंय."

तरी तो खाली उतरला. सारवणाला हात लावून कपाळाला लावला, मग वर चढला. बस मागे जायला लागली, तोंड रुंद फिरलं आणि जिथे आईचा पाय गेला होता त्या जागेवरून चाक गेलं. तिथे कुणी नव्हतं. माझ्या शेजारच्याने खिशातून रुमाल काढला होता. तो त्याने बराच वेळ हातात पिळला आणि शेवटी त्याने नाक पुसलं.

बस दार आमच्याकडे करून उभी राहिली आणि आम्ही एकामागे एक चढलो. अगदी देवमाणसांसारखे चढलो असं नाही, कोपरं लागलीच. आणि प्रज्ञाला जागा मिळाली नाही. ती दांडा धरून उभ्यानेच गेली. आईने ते खालून बघितलं आणि म्हणाली, "उद्या लवकर येऊन फुडं उभी राह."

त्या सुगीत आम्ही दर रविवारी मैदान सारवलं. चाकांनी उकरायचं, आम्ही पुन्हा सारवायचो. बस त्यानंतर कधी फाट्यावर थांबली नाही. पावसाळ्यात शेण टिकत नाही, तेव्हा नवखं कुणी पळायला निघतं आणि चार जण त्याचा शर्ट धरतात. कापणी आली की पुन्हा बादल्या निघतात. प्रज्ञा आता मुरबाडला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि तिकडच्या स्टँडवरही लोकांना गाडीपासून मागे ढकलत असते, असं ऐकते. आई लंगडते. पळायची तिची हौस गेली नाही, पण पाय ऐकत नाही, आणि मला त्याचं दुःख दर वर्षी नव्याने होतं.

गेल्या शनिवारी संध्याकाळच्या बसने उतरले. बस आता आधी कडेला थांबून माणसं उतरवते आणि मग वळते. आमचं घर समोर, मैदानापलीकडे. ओट्यावर आई दिसत होती. मैदान नुकतं सारवलेलं होतं, शिंका येत होत्या, फोन वाजत होता आणि मी तशीच सरळ निघाले. पोटासमोर एक काठी आडवी आली.

"मागं हो गो. गाडी फिरतेय."

काशिनाथकाका. हल्ली ते सकाळ-संध्याकाळ तिथेच असतात, त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"काका, हे मीच सुरू केलंय ना," मी म्हटलं.

"कोन नाय म्हनतंय? मागं हो."

मी उचललेला पाय मागे घेतला. आम्ही दोघं कडेला उभे राहिलो, बाजूला भोईरांचा थोरला आणि मागे बाजारहून आलेल्या बाया. बस मागे गेली, वळली, शहापूरकडे तोंड करून थांबली आणि इंजिन बंद झालं. मग काकांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि खळ्याच्या मधून, सरळ, घरी निघाले.